ग्रॅन ट्रिनिटीच्या वॅगनपाशी

जोसीने मला बोलावलं ते ऑफिसच्या प्रिंटरजवळ, हळू आवाजात, आजूबाजूला कुणी नाही हे बघून. पुढच्या वीकेंडला पश्चिमेकडच्या एका गावाबाहेर इथल्या भटक्या, रोमानी आणि ट्रॅव्हलर लोकांचा कलामहोत्सव आहे, चित्रं, गाणी, गोष्टी, घोडे, सगळं असतं, तंबूत झोपावं लागेल, येशील का? मी सहसा कुठल्याच गोष्टीला लगेच हो म्हणत नाही, पण या वेळी म्हणून गेले. तिने प्रिंटरमधली पानं उचलली आणि जाता जाता म्हणाली, "इथे कुणाला बोलू नकोस. मी त्यांच्यातली आहे."

लंडनजवळच्या ब्रॅकनेलला एका आयटी कंपनीत आम्ही तीन वर्षं शेजारी शेजारी बसतो. तिच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती चहात साखर घालत नाही आणि तिचं टेबल आमच्या सगळ्या मजल्यावर सर्वांत स्वच्छ असतं. बाकी मी तिला चारचौघींसारखी इंग्लिश मुलगी समजत होते.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर तिच्या गाडीतून निघालो. मोटरवेचं काही सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं आहे ते जोसीचं बोलणं, कारण ऑफिसात दिवसभरात चार वाक्यं बोलणारी ही मुलगी गाडीत थांबेचना. तिच्या आजीचा जन्म वॅगनमध्ये झाला. आई-वडील नंतर घरात राहायला लागले, आणि जोसी शाळेत गेली. वर्गात कुणाला तरी कळलं की हे लोक जिप्सी आहेत, आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. तिला घाण वास येतो, असं मुली म्हणायच्या. शेवटी आईने शाळा बदलली. नव्या शाळेत जोसीने कुणालाच सांगितलं नाही. कॉलेजात नाही, नोकरीत तर नाहीच.

आणि उद्या दुपारी महोत्सवाच्या स्टेजवर ती नाचणार होती. हा नाच त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला, पण तिने तो फक्त नातेवाइकांत, शेकोटीपाशी केला होता. परक्या लोकांसमोर एकदाही नाही.

"तुलाच का बोलावलं माहितीये?" तिने विचारलं. "एक तरी माणूस बाहेरचा हवा होता. आणि तू कुणाला काही सांगत नाहीस. स्वतःबद्दलसुद्धा नाही."

ही स्तुती की तक्रार, ते मला कळलं नाही. मी खिडकीतून मेंढ्या बघत राहिले.

शुक्रवार संध्याकाळ, मैदान

उतारावरचं मोठं कुरण, कडेने झाडं, आणि त्यात इतके रंग की मी गाडीतून उतरले आणि पहिलाच बूट चिखलात रुतवून बसले. तो उपसताना पाय मोज्यासकट बाहेर आला. जोसी इतकी हसली की तिला गाडीला टेकावं लागलं.

तिच्या आजीची वॅगन कुंपणाजवळ उभी होती. घोड्याने ओढायची, गोल छपराची, गडद हिरवी. तिच्या प्रत्येक दांडीवर, चाकाच्या प्रत्येक आऱ्यावर पिवळी आणि लाल वेलबुट्टी होती, आणि दाराभोवती कोरलेल्या द्राक्षांच्या घडांना सोन्याचा वर्ख. आमच्याकडे देवघरावरसुद्धा कुणी इतकी मेहनत घेत नाही. पायऱ्यांवर एक ठेंगणी, ताठ बाई बसली होती. पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या, कानात सोन्याच्या रिंगा, फुलाफुलांचा एप्रन. ही ग्रॅन ट्रिनिटी. इकडे आजीला सगळे ग्रॅन म्हणतात. मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणत होते, आणि अहो-जाहोच करत होते.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चिखलाच्या मोज्यावर नजर थोडी थांबली. मग जोसीला म्हणाल्या, हिला आधी खायला घाल, हिच्यात नाचण्याइतकाही जीव नाही. मी घाईघाईने सांगितलं की मी नाचणार नाहीये. "तुला कुणी विचारलंय?" आजी म्हणाल्या, आणि त्या हसल्यावर कळलं की ही चेष्टा होती.

जेवायला जो ग्रे होतं. नाव माणसाचं वाटतं, पण पदार्थ म्हणजे बटाटा, कांदा, टोमॅटो आणि मटणाचा भरपूर रस्सा, शेकोटीवरच्या काळ्या भांड्यात रटरटलेला. मसाला म्हणजे मीठ-मिरी. तरी मी दोनदा घेतलं. रस्सा ब्रेडने पुसून खायची त्यांची पद्धत बघून मला घरच्यासारखं वाटलं, आणि पुण्यापासून इतक्या लांब, पाऊस पडून गेलेल्या कुरणात ते वाटावं याची मोठी गंमत वाटली.

जेवताना आजी जोसीला त्यांच्या रोमानी भाषेत म्हणाल्या, पानी आण. जोसी उठायच्या आत मी उठले होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. या लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आपल्याकडूनच निघाले, हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि हात आपोआप तांब्या शोधायला लागणं वेगळं. आजींनी माझी परीक्षाच घेतली. नाकाला हात लावून विचारलं, कानाला लावून विचारलं. मी उत्तरं देत गेले, नाक, कान, आणि त्यांचेही शब्द तेच निघाले. माझ्या अंगावर काटा आला होता. आजींच्या मात्र नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या लोकांना हे आत्ता कळतंय होय, आम्हाला केव्हापासून माहीत आहे.

शनिवार सकाळ

त्या परीक्षेत पास झाल्यामुळे मी थोडी शेफारले असणार. सकाळी जोसी झोपलेली असताना उठले आणि वॅगनपाशी गेले, काहीतरी मदत करावी म्हणून. टेबलावर स्टीलची दोन-तीन तसराळी होती, लख्ख घासलेली. त्यातल्या एकात कोमट पाणी होतं. माझे हात तंबूच्या खुंट्यांनी मातकट झाले होते. मी त्या पाण्यात साबणाने छान हात धुतले, तोंडही धुतलं, आणि मग कप विसळायला घेणार, इतक्यात मागे आजी उभ्या दिसल्या.

त्या पुढे आल्या. त्यांनी ते तसराळं उचललं, कुंपणापाशी जाऊन पाणी ओतलं, आणि तसराळं तिकडेच गवतात उपडं टाकून परत आल्या. चेहरा असा की मला वाटलं, आता तंबू आवरून बस शोधावी.

जोसी डोळे चोळत आली. गवतातलं तसराळं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग तिने सांगितलं: कपबशांचं भांडं वेगळं, हात-तोंड धुवायचं वेगळं, कपड्यांचं त्याहून वेगळं. भांड्यांचं फडकं कपड्यांबरोबर कधीच धुवायचं नाही. एकात दुसरं मिसळलं की ते भांडं बाटलं. कितीही घासलं, उकळलं, तरी त्यात पुन्हा कप बुडवायचा नाही. आता ते कुत्र्याला पाणी प्यायला.

खरं तर मला लाज वाटायला हवी होती. ती वाटलीच, पण तिच्या मागून आनंद असा धावत आला की माझी भीड कुठे गेली कोण जाणे. मी आजींना सांगायला लागले. आमच्याकडे खरकटा हात पिण्याच्या पाण्याला लागला तर आई अख्खा माठ रिकामा करते. उष्टा चमचा दह्यात बुडाला तर ते दही संपलं. लोणच्याच्या बरणीला ओला हात लावला म्हणून माझ्या काकांना भर पंगतीत बोलणी बसली आहेत. उष्टं आणि खरकटं यांतला फरक इंग्रजीत सांगता येईना, तेव्हा मी ब्रेडचा तुकडा चावून प्रात्यक्षिक करून दाखवलं.

आजी डोळे बारीक करून ऐकत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "आणि तुम्ही भांड्याचं फडकं आतल्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकता?"

"शी! नाही," मी म्हणाले.

ते शी त्यांना भाषांतर न करता कळलं. त्यांनी मला शेजारी पायरीवर जागा दिली, सोनेरी काठाच्या पातळ कपात चहा दिला, आणि जोसीकडे बघून म्हणाल्या, "हिला कळतं. आणि त्या शाळेतल्या पोरी, भांड्यांच्या सिंकमध्ये कुत्रा धुणाऱ्या घरांतल्या, माझ्या नातीला घाण म्हणत होत्या."

जोसी चहात बघत राहिली. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.

शनिवार, दिवसभर

पण दिवस किती सुंदर होता. ऊन पडलं, आणि मैदानभर माणसं पसरली. एका तंबूत जुने फोटो टांगले होते, शेतांत बिअरसाठी लागणारी हॉप्सची फुलं तोडणाऱ्या रोमानी बायकांचे, आणि प्रत्येक फोटोपुढे कुणीतरी आपली मावशी नाहीतर पणजी ओळखत उभं होतं. दुसऱ्यात एक तरुण चित्रकार ट्रेलरच्या जुन्या दरवाजांवर आपल्या आईची चित्रं काढत होता. एका बाईने लाकडाची फुलं करून दाखवली: ओल्या फांदीवर चाकू असा चालवायचा की पातळ साली कुरळ्या होऊन पाकळ्या व्हाव्यात, पण तुटू नयेत. मी करायला घेतलं तर माझं शेवंतीचं फूल केरसुणीसारखं झालं. तिने तेही रंगवून दिलं.

पत्र्याचे मग ठोकणारे एक आजोबा आयर्लंडचे होते. त्यांनी मला समजावलं की आयरिश ट्रॅव्हलर निराळे, त्यांची भाषा निराळी, रोमानींशी रक्ताचं नातं नाही. "हाकलतात मात्र दोघांना सारखंच," ते म्हणाले आणि पुढचा ठोका घातला.

त्यांच्या हातोडीच्या आवाजाने मला पुण्यातला आमचा रस्ता आठवला. कोथरूडला आमच्या कॉलनीबाहेर दरवर्षी घिसाडी कुटुंबं उतरायची, भाता लावायची. आई त्यांच्याकडून विळीला धार लावून घ्यायची. त्यांचं काम सगळ्यांना माहीत होतं. त्यांना गाता येतं का, हे आमच्यापैकी कुणी विचारलेलं मला आठवत नाही. इथे लोक तेच ऐकायला तिकीट काढून आले होते, आणि गाणारे-बनवणारे आपल्या नावाच्या पाटीखाली उभे होते. हे बघताना मला एकदम वाटलं, असं आपल्याकडेही भरलं तर मी पहिल्या रांगेत बसेन.

दुपारी आजींची वॅगन लोकांना बघायला उघडी होती. मी पायऱ्यांपाशी उभी राहून एकावेळी तिघांना आत सोडत होते. हे काम मला फार आवडलं, कारण त्यात बोलावं लागत नाही. जोसी आत, नाचाचे बूट पुसत. तिचा नंबर जवळ आला होता.

तेवढ्यात रांगेतून आवाज आला, "रू! तू इथे?"

माझं नाव ऋतुजा. ऑफिसात मी रू आहे. समोर मार्क उभा होता, आमचा टीम लीड, बायको आणि छोट्या मुलीबरोबर, हातात कागदी प्लेट. आतमध्ये काहीतरी धप्प पडल्याचा आवाज आला. वॅगनच्या मागच्या भिंतीशी पलंग असतो आणि त्याला लेसचा पडदा. मी वळून पाहिलं तेव्हा पडदा हलत होता आणि जोसी दिसत नव्हती.

कुणाबरोबर आलीस, मार्कने विचारलं. एका मैत्रिणीबरोबर, मी म्हणाले. पुढे काही बोलले नाही. त्यात माझा हातखंडा आहे. आजी दारात बसून माझ्याकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं.

मार्कचं कुटुंब आत गेलं. काचेच्या कपाटातल्या बशा, पितळी दिवे, इस्त्री केलेले पडदे. मार्क माणूस वाईट नाही. तो मनापासून म्हणाला, "बापरे, किती स्वच्छ आहे हे!"

"का हो," आजींनी गोड आवाजात विचारलं, "तुमचं नसतं का?"

मार्कची मान, कान, सगळं लाल झालं. बायको हसू दाबत बाहेर आली. त्याने आजींची माफी मागितली, नीट मागितली, आणि मुलीला घेऊन स्टेजकडे गेला.

पडद्यामागून जोसी आली. लेसची नक्षी गालावर उमटली होती. मी स्टेजवर जाणार नाही, तिने सांगितलं. सोमवारी सगळ्या ऑफिसला कळेल. मला परत ती रिकामी खुर्ची नको आहे.

आजींनी वाद घातला नाही. एप्रन सोडला, चांगली शाल घेतली. मी तर गाणारच, त्या म्हणाल्या, तुझी नाचायची फळी मांडलेली असेल, यायचं तर ये. आणि निघाल्या.

आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. अशा वेळी काय बोलतात ते मला येत नाही. म्हणून मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी डब्यात वांग्याची भाजी आणली होती. मी डबा उघडला आणि कुणीतरी उठून खिडकी उघडली. कोण ते मला आठवतही नाही. तेव्हापासून मी सँडविच आणते."

जोसीने माझ्याकडे पाहिलं. "तीन वर्षं?"

"तीन वर्षं. मला सँडविच अजिबात आवडत नाही."

 तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, इतकी की तिला बुटाची नाडी बांधता येईना. "अगं, मला वाटायचं, ही किती सँडविचवेडी बाई आहे," ती म्हणाली. शेवटी एक नाडी मी बांधली, एक तिने.

आम्ही पोचलो तेव्हा आजींनी सुरुवात केली होती. वाद्य एकही नाही. त्या खुर्चीत बसून तोंडानेच ताल धरत होत्या, अर्थ नसलेल्या बोलांचा, भराभर, जसे आपले ढोलकीवाले बोल म्हणतात तसे, आणि गुडघ्यावर दोन चमचे वाजवत होत्या. समोर स्टेजवर लाकडी फळी, एका जुन्या दाराएवढी. रिकामी. प्रेक्षकांना वाटत असावं की हा कार्यक्रम एवढाच आहे.

जोसी चालत गेली आणि फळीवर उभी राहिली.

या नाचात कमरेच्या वरचं अंग हलवायचं नसतं. हात सरळ खाली, मान ताठ, चेहरा कोरा. ऑफिसात स्क्रीनसमोर असतो अगदी तसा तिचा चेहरा होता. आणि खाली पावलं! टाचा, चवडे, पुन्हा टाचा, फळीवर गारा पडाव्यात तसा आवाज. आजी बोल वाढवत गेल्या तशी ती वाढवत गेली. आजींनी मध्येच एक अवघड तुकडा टाकला, मुद्दाम, तोंडावर खट्याळ हसू. जोसीने तो पावलांनी जसाच्या तसा परत दिला. लोक उठून उभे राहिले. मी किती जोरात ओरडले ते मला शेजारच्या बाईच्या बघण्यावरून कळलं. आयुष्यात त्याआधी मी असं चारचौघांत कधी ओरडले नव्हते.

मार्क दुसऱ्या रांगेत होता. त्याने जोसीला ओळखलं ते मला दिसलं. तो टाळ्या वाजवत राहिला, सगळ्यांच्या थांबल्यावरही थोडा वेळ. पण जवळ आला नाही. लांबून हात वर केला आणि निघून गेला.

रविवार

सकाळी घोड्यांची मिरवणूक झाली, मी पायाला केसांची झालर असलेल्या एका घोड्याच्या गळ्याला हात लावला, आणि बेकन घालून वाफवलेलं पुडिंग खाल्लं, जे आमच्या घरी समजलं तर चालणार नाही. निघताना आजींनी माझ्या गालावर ओठ टेकवून निरोप दिला. जोसीची वेणी सोडून त्यांनी ती पुन्हा घट्ट घातली.

परतीच्या वाटेवर जोसी पुन्हा कमी बोलायला लागली. रीडिंग शहराच्या अलीकडे तिने विचारलं, मार्क हात वर करून असा का गेला असेल? मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं.

सोमवार, ब्रॅकनेल

इंग्लिश ऑफिसात सोमवारी कामाआधी एकमेकांना वीकेंड कसा गेला ते विचारतात. आमच्या टीममध्ये सगळे गोल उभे राहतात आणि प्रत्येकजण एकेक वाक्य बोलतो. कुणी गवत कापलेलं असतं, कुणी सासूकडे गेलेलं असतं. आमचं दोघींचं उत्तर नेहमी एकच: शांत गेला, थँक यू.

पहिला मार्क बोलला. कुटुंबाला घेऊन एका फेस्टिव्हलला गेलो होतो, फार आवडलं, असं म्हणाला. कुठला, काय पाहिलं, कोण भेटलं, एक शब्द नाही. बोलून तो हातातल्या कपाकडे बघत राहिला. तेव्हा मला त्या वर केलेल्या हाताचा अर्थ लागला. ते सांगणं त्याने तिच्यासाठी ठेवलं होतं. तिला सांगायचं नसेल तर न सांगण्यासाठीही.

जोसीची पाळी आली. ती इतका वेळ गप्प राहिली की पुढच्या माणसाने तोंड उघडलं.

"मी माझ्या लोकांकडे गेले होते," ती म्हणाली. "आम्ही रोमानी आहोत. माझी आजी गायली आणि मी नाचले."

 मला त्यानंतरची शांतता सहन झाली नाही. मी त्या गोलात तोवर आपणहून एक वाक्य बोलले नव्हते, पण म्हणाले की मी तिथे होते, आणि हिची आजी तोंडाने जो ताल धरते त्यावर पाय चालवणं सोपं नाही, आणि हिने एकही ठोका चुकवला नाही.

मग एकदम सगळे बोलायला लागले. तोंडाने ताल म्हणजे काय, वॅगन खरी होती का, व्हिडिओ आहे का. कुणीतरी म्हणालं, दाखव ना थोडंसं, आत्ता.

जोसीने खाली कार्पेटकडे पाहिलं आणि एक टाच आपटून बघितली. आवाज आला नाही. "इथे जमणार नाही," ती म्हणाली आणि लिफ्टकडे चालायला लागली, जिथे खाली फरशी आहे. आम्ही सगळे कप हातात घेऊन तिच्या मागे निघालो.